इंजिनचा दिवा लागलाय, ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणतात. एमिशन वॉरंटीत बसतं का?

वेंगुर्लारोड (धागाकर्ता), सोमवार रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी उचगावचा. गाडी पेट्रोल, बीएस ६, केए २२ पासिंग. घेऊन दोन वर्षं नऊ महिने झाले, ५१,००० किमी पळाली आहे. पंधरा दिवसांपूर्वी आईला घेऊन सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला गेलो होतो. परतताना मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी बंद पडली नाही, धक्केही मारले नाहीत, म्हणून तशीच घरी आणली. दुसऱ्या दिवसापासून मात्र सकाळी गाडी सुरू केली की मागं पेट्रोलचा उग्र वास येतो, आणि १८ चं अॅव्हरेज १३ वर आलंय.

अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. कुठल्या ते लिहीत नाही, मला भांडण नको, काम व्हायला हवंय. लॅपटॉप जोडला, पाच मिनिटांत सांगितलं की ऑक्सिजन सेन्सर गेला. एस्टिमेट ९,४०० रुपये. वॉरंटीचं विचारलं तर म्हणाले, दोन वर्षं किंवा ४०,००० किमी होती, संपली, वाढीव तुम्ही घेतली नव्हती. गाडी घेताना एमिशन वॉरंटी, म्हणजे धुराशी संबंधित भागांची वॉरंटी, असा शब्द कानावर पडलेला आठवत होता, तोही विचारला. काउंटरवरचा म्हणाला, "ते नुसतं पुस्तकात असतं."

हे वाक्य मनाला लागलंय. पुस्तकात आहे म्हणजे कंपनीनं लिहून दिलंय ना? कुणाला अनुभव असेल तर सांगा. दिवा लागलेला असताना रोज बेळगावला ये-जा करावी का, हेही सांगा.

---

उद्यमबाग_इलेक्ट्रिशियन, सोमवार रात्री १०.१५

कोड काय आला ते लिहा की ओ आधी. "सेन्सर गेला" हा कोड नव्हं. जॉबकार्डवर पी ०१ असा काहीतरी आकडा असतो, तो बघा.

पेट्रोल गाडीला सायलेन्सरच्या लायनीत दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. एक इंजिनजवळ, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर साफ करणाऱ्या डब्याच्या) आधी. दुसरा कन्व्हर्टरच्या नंतर. पहिला सांगतो धुरात ऑक्सिजन किती उरला, त्यावरनं ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, पेट्रोल कमीजास्त करतो. दुसरा फक्त कन्व्हर्टरवर लक्ष ठेवतो. वास येतोय, अॅव्हरेज पडलंय म्हटल्यावर पहिल्याची शंका जास्त. खरं कोड बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

आणि एक सांगतो तेवढं ऐका. कुणीतरी म्हणेल, बॅटरीची वायर काढून दहा मिनिटांनी लावा, दिवा जातो. करू नका. दिवा जाईल, आजार तसाच राहील, आणि दिवा लागला तेव्हाची गाडीची नोंद, म्हणजे आरपीएम किती, इंजिन किती तापलं होतं, ते सगळं ईसीयूतनं पुसलं जाईल. तुम्हाला वॉरंटी मागायची असेल तर ती नोंद लागणार.

---

वेंगुर्लारोड, मंगळवार सकाळी ७.१०

जॉबकार्ड काढलं. पी ०१३५ लिहिलंय. त्यापुढं मराठीत सांगायचं तर 'सेन्सर हीटर सर्किट, बँक एक, सेन्सर एक'.

---

उद्यमबाग_इलेक्ट्रिशियन, मंगळवार सकाळी ८.०५

म्हणजे पहिलाच. आता नीट वाचा. हा सेन्सर थंड असताना आंधळा असतो. आतल्या झिर्कोनियाच्या टोपीला सुमारे ३०० अंशांच्या वर तापावं लागतं, मग कुठं तो व्होल्ट द्यायला लागतो. धुरानं तापायची वाट बघत बसलं तर फार वेळ जाईल, म्हणून आत छोटा हीटर घातलेला असतो. तो अर्ध्याएक मिनिटात सेन्सरला जागा करतो. तुमचा कोड त्या हीटरच्या लायनीचा आहे. हीटर नसला की ईसीयू सेन्सरवर भरवसा ठेवत नाही, अंदाजानं पेट्रोल सोडतो, आणि तो अंदाज जास्तीकडचा असतो. गाडी उभी राहून चालू असली की सेन्सर परत गार होतो. सकाळचा वास त्याचाच.

खरं लक्षात घ्या, हीटर सर्किट म्हणजे नुसता हीटर नव्हं. फ्यूज, रिले, वायर, कनेक्टर, सगळं त्यात आलं. माझ्याकडं असला कोड घेऊन गाडी आली की पहिल्यांदा फ्यूज बघतो. मग कनेक्टर सोडून सेन्सरच्या बाजूच्या दोन हीटर पिनांमध्ये मल्टिमीटर लावतो. गार सेन्सरला साधारण ३ ते १५ ओहम यायला पाहिजेत, गाडीगणिक थोडा फरक. काहीच आलं नाही, मीटर ओपन दाखवला, तर हीटर तुटला. ओहम बरोबर आला तर सेन्सरला हात लावायचा नाही. मग गाडीच्या बाजूच्या पिनेवर इग्निशन चालू करून १२ व्होल्ट येतात का बघायचं.

गाडी चालवू शकता. खरं महिनोन्महिने नको. जास्तीचं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापून खराब होतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. सेन्सरच्या कितीतरी पट खर्च. आणि दिवा लुकलुकायला लागला तर बाजूला घेऊन थांबा, तो मिसफायर असतो, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट पेटत नाही.

---

जांबोटीच्या_बाई, मंगळवार दुपारी १.२०

उद्यमबाग दादांनी वायरचं लिहिलं म्हणून राहवलं नाही. मी शिक्षिका आहे, खानापुरात राहते, शाळा जांबोटीच्या वरच्या बाजूला. मागच्या पावसाळ्यात माझ्या गाडीलाही हाच दिवा लागला. गॅरेजवाल्यांनी सेन्सर बदलला, साडेसहा हजार. आठ दिवसांत दिवा परत. "पीस खराब निघाला" म्हणून दुसरा घातला, त्याचेही अर्धे पैसे घेतले. दहा दिवसांनी पुन्हा दिवा.

शेवटी शाळेतल्या शिपाईमामांनी बॉनेट उघडून बघितलं. त्यांचा मुलगा ट्रॅक्टर दुरुस्त करतो, त्यांना सवय आहे. सेन्सरकडून येणारी वायर इंजिनच्या मागच्या बाजूला एका क्लिपमध्ये अडकवलेली असते, तिथं बोटभर जागेत वरचं काळं आवरण नाहीसं झालं होतं आणि आतली तांब्याची तार चमकत होती. एक तार पूर्ण तुटलेली, दुसरीवर बारीक दातांच्या खुणा. खाली ट्रेवर भाताची तुसं पडलेली. घराशेजारी भाताची कोठी आहे, उंदीर गरम इंजिनाशी येऊन बसत होते. पाऊस आला की पाणी त्या उघड्या तारेवर जाई आणि दिवा लागे. ऊन पडलं की गाडी बरी.

दुरुस्तीला तीनशे रुपये लागले. आधीचे नऊ-दहा हजार गेले ते गेलेच. आपल्याकडं भात आणि ऊस दोन्ही दाराशी असतो. कृपा करून आधी वायर डोळ्यांनी बघा. अख्खी वायर, टोकापासून टोकापर्यंत.

---

मलप्रभा, मंगळवार सायंकाळी ६.०५

धागाकर्ते, पैसे भरू नका! माझा मावसभाऊ अमेरिकेत आहे, तो म्हणतो एमिशन वॉरंटी आठ वर्षांची असते. यूट्यूबवर पण तेच सांगतात. तुमची गाडी तर तीन वर्षांची पण नाही.

---

चिकोडी_वकील, मंगळवार रात्री ९.३०

मलप्रभा, तुमच्या भावाचं म्हणणं तिकडच्या कायद्यापुरतं, आणि तेही अर्धंच बरोबर आहे. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात ८ वर्षं किंवा ८०,००० मैल हे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ईसीयू आणि ओबीडी (बिघाड ओळखून दिवा लावणारी) यंत्रणा अशा ठरावीक मोठ्या भागांसाठी आहे. ऑक्सिजन सेन्सर त्यात येत नाही. त्यासाठी २ वर्षं किंवा २४,००० मैल. काही राज्यांचे नियम आणखी वेगळे आहेत. त्यातलं काहीच बेळगावच्या काउंटरवर चालणार नाही.

आता आपल्याकडचं. भारतात पेट्रोल कारना १ जुलै २००१ पासून कंपन्या एमिशन वॉरंटी देत आल्या. सर्वसाधारण मुदत ३ वर्षं किंवा ८०,००० किमी, जे आधी येईल ते. धागाकर्त्यांची गाडी दोन्ही अंगांनी आत बसते. पण ही साध्या वॉरंटीसारखी नाही. साध्या वॉरंटीत पार्ट सदोष निघाला की बदलून मिळतो. एमिशन वॉरंटीत सहसा पहिली अट अशी असते की, गाडी केंद्रीय मोटार वाहन नियम ११५ च्या उपनियम २ मधल्या मर्यादेत नापास व्हायला हवी. म्हणजे आपली पीयूसी चाचणी, आपल्या भागात लोक जिला एमिशन टेस्ट म्हणतात ती. नुसता दिवा लागला, धूर मर्यादेत आहे, तर ते नकार देऊ शकतात.

दुसरी अट, आधीच्या काळातलं पीयूसी खंड न पडता असावं. तिसरी, सर्व्हिस वेळेवर झालेली असावी आणि तिच्या नोंदी असाव्यात. भेसळीचं इंधन, मीटरशी छेडछाड, बाहेरून बसवलेलं गॅस किट यांनी दावा बाद होतो.

धागाकर्ते, तुमची वॉरंटी पुस्तिका काढा आणि एमिशन वॉरंटीचं पान शब्दन् शब्द वाचा. प्रत्येक कंपनीची शब्दरचना थोडी वेगळी असते आणि तुमच्या दाव्याला तुमचीच पुस्तिका लागू. भागांची यादीही तिथंच असते.

---

वेंगुर्लारोड, बुधवार सकाळी ६.५०

वकीलसाहेब, रात्री अकरा वाजता कपाटातून पुस्तिका शोधून काढली. आहे! ३ वर्षं किंवा ८०,००० किमी. यादीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजेक्टर, ईसीयू आणि चौथ्या ओळीत ऑक्सिजन सेन्सर. अटी तुम्ही लिहिल्या तशाच. बायकोलाही उठवून दाखवलं.

माझी सर्व्हिस सगळी वेळेवर आहे. पीयूसीचं असं: गाडी नवीन असताना पहिलं वर्ष लागलं नाही, वर्ष पूर्ण व्हायच्या आठवड्यात बेळगावात केलं. दुसऱ्यांदा मात्र कोल्हापूरला बहिणीकडं जाताना कागलजवळ केलं, तारीख संपायच्या दोन दिवस आधी. ते महाराष्ट्रातलं आहे. इथं चालेल का?

---

चिकोडी_वकील, बुधवार सकाळी ९.१५

चालेल. १४ जून २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनं पीयूसीचा नमुना देशभर एकच केला आणि नोंद राष्ट्रीय प्रणालीशी जोडली. गाडी कर्नाटकातली आणि केंद्र महाराष्ट्रातलं, यानं काही फरक पडत नाही. बीएस ४ आणि त्यापुढच्या गाड्यांना मुदत बारा महिने, म्हणजे तुमचं आजही चालू आहे.

त्याच अधिसूचनेत एक गोष्ट आहे जी फार थोड्या लोकांना माहीत आहे. गाडी नापास झाली तर केंद्रानं नापास पावती द्यायची असते, तीही ठरलेल्या नमुन्यात. रिजेक्शन स्लिप. ती सर्व्हिस सेंटरला दाखवून दुरुस्ती करून घेता यावी, हा तिचा एक उद्देश. तुम्हाला हवाय तो कागद हा.

---

हिरण्यकेशी, बुधवार सकाळी १०.४०

मी संकेश्वरचा. मध्येच विचारतो, हे सगळं वीस टक्के इथेनॉलमुळं तर नाही ना होत? आमच्याकडं सगळे तेच म्हणतात. आपलाच ऊस, आपल्याच गाडीला बाधला असं नको व्हायला.

---

उद्यमबाग_इलेक्ट्रिशियन, बुधवार दुपारी २.३०

हीटरची तार इथेनॉलनं तुटत नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला थोडं जास्त इंधन लागतं. ती दुरुस्ती करायचं काम तर सेन्सरच करतो. अॅव्हरेज थोडं कमी होतं, ते वेगळं.

सेन्सरला मारणाऱ्या गोष्टी दुसऱ्या. इंजिन ऑइल खात असेल तर टोपीवर राख बसते. हेड गास्केटमधनं कूलंट आत जात असेल तर पांढरा थर. गॅरेजमध्ये साध्या सिलिकॉन पेस्टनं गास्केट बसवलं तर त्याची वाफ. आणि तापलेला सेन्सर एकदम पाण्यात गेला की आतलं सिरॅमिक तडकतं. कणकुंबी, आमगावच्या बाजूनं पावसात ओढ्यातनं गाडी काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

वेंगुर्लारोड, शनिवारी गाडी घेऊन या. मीटर लावून बघू. पैसे नकोत, मला पण बघायचंय.

---

तवंदीघाट, बुधवार रात्री ८.५५

वॉरंटी संपलेल्यांसाठी माझा अनुभव लिहितो. मी निपाणीचा, गाडी २०१४ ची. हिला कुणी वॉरंटी विचारणार नाही. तवंदी घाट चढताना जीव जायचा, कोड पी ०१३३, सेन्सर मंद प्रतिसाद देतोय असा. गाडीचे कोड वाचणारं ब्लूटूथ डोंगल लावून मोबाईलवर आलेख बघितला. चांगला पहिला सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली उड्या मारतो. माझा एखादा म्हातारा जिना चढावा तसा चढायचा, थांबायचा, उतरायचा. (नव्या बऱ्याच गाड्यांत पहिल्या जागी वाइडबँड सेन्सर असतो, त्याचे आकडे असे दिसत नाहीत. त्यांनी माझा आलेख प्रमाण धरू नये.)

नवीन सेन्सर मूळ कंपनीचाच, कनेक्टरसकट घेतला. स्वस्तात चार मोकळ्या वायरींचा मिळतो, जुना कनेक्टर कापून जोडायचा. मी नाही घेतला. कारण वायरींचे रंग कंपनीगणिक वेगळे. बॉशमध्ये हीटरच्या दोन वायरी पांढऱ्या, सिग्नल काळी, ग्राउंड राखाडी. डेन्सोमध्ये हीटरच्या दोन्ही काळ्या, सिग्नल निळी, ग्राउंड पांढरी. काळ्याला काळी जोडली की संपलं.

आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवायचं स्प्रे मारून ठेवलं. सकाळी इंजिन पाच-सात मिनिटं चालवलं आणि कोमट असताना काढायला घेतलं. कडक गार असताना जोर लावला तर आटे सेन्सरबरोबर उपटून येतात, लाल तापलेलं असताना हात भाजतो. २२ चा पाना लागतो. बाजूनं चीर असलेला सॉकेट मिळतो, वायर त्या चिरेतून बाहेर राहते, तो घ्या. मी आधी साधा फिक्स पाना लावला, कडा गोल व्हायला लागल्या, तेव्हा थांबलो आणि कोल्हापुरातून सॉकेट मागवला. दुसऱ्या प्रयत्नात एक कर्रर्र आवाज आला आणि पाना अर्ध्या इंचानं सरकला. तो आवाज अजून कानात आहे, वाटलं आटे गेले. पण नाही, फक्त गंज सुटला होता. पुढं हातानंच फिरला.

जुन्याचं टोक काढून बघितलं. भोकांच्या जाळीवर मखमलीसारखी काजळी, बोट फिरवलं की निघणारी. नव्याच्या आट्यांवर करडी पेस्ट कंपनीनंच लावलेली असते, ती पुसू नका, आणि टोकाला बोट लागू देऊ नका. आधी हातानं पूर्ण फिरवून बसवायचा, मग टॉर्क पाना, माझ्या मॅन्युअलप्रमाणं ४५ न्यूटन मीटर. वायरीला पीळ पडू देऊ नका. मी कनेक्टर शेवटी लावला.

दोन तास गेले. तवंदी आता तिसऱ्या गिअरमध्ये चढते.

---

उद्यमबाग_इलेक्ट्रिशियन, बुधवार रात्री ९.२०

तवंदीघाट, एक नंबर लिहिलंय. एवढंच जोडतो: कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर मारू नका. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते, ती वायरीच्या आतूनच जाते. वायर डागणीनं जोडली तर तोच रस्ता बंद होतो.

आणि नवीन घ्यायच्या आधी सेन्सरच्या वर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनमधनं धूर बाहेर आणणाऱ्या नळीत, लीक आहे का बघा. तिथनं हवा आत ओढली गेली की चांगला सेन्सर पण खोटं सांगतो.

---

मलप्रभा, गुरुवार दुपारी १२.१०

आठ वर्षांचं मी तपासून न बघता लिहिलं, चुकलं माझं. एक विचारते. माझ्या काकांचं म्हणणं, आधी पीयूसी पास करून घ्या, ओळखीचा असला की गाडी न बघता पण देतो, कटकट नको. मग वॉरंटी मागा. ते बरोबर का?

---

चिकोडी_वकील, गुरुवार दुपारी १.४५

अजिबात नाही. असं केलंत तर स्वतःच्या हातानं स्वतःचा दावा बुडवाल. पास झालेलं प्रमाणपत्र म्हणजे सरकारी नोंदीत गाडीचा धूर मर्यादेत आहे असं लिहून देणं. मग कंपनी विचारेल, बिघाड कुठाय?

आणि कायदा बाजूला ठेवून सांगतो. ही चाचणी गाडीमागच्या माणसासाठी आहे. चन्नम्मा सर्कलला सिग्नलला उभं राहून मुलाला कडेवर घेतलेली बाई जी हवा ओढते, तिच्यासाठी. न बघता दिलेलं प्रमाणपत्र तिच्याशी खोटं बोलणं आहे. काकांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा.

---

वेंगुर्लारोड, शनिवार रात्री १०.३०

आजचा सगळा वृत्तांत.

सकाळी उद्यमबागला गेलो. दादांनी आधी टॉर्च घेऊन वायर टोकापासून टोकापर्यंत बघितली, जांबोटीच्या बाईंचं वाचून. कुठं चावा नाही. फ्यूज चांगला. गाडीच्या बाजूनं १२.१ व्होल्ट. मग सेन्सरच्या दोन पिनांना मीटर. आकडा आलाच नाही, नुसतं ओएल, म्हणजे ओपन. तीनदा लावून दाखवलं, माझ्या हातानं एकदा लावायला दिलं. हीटर आतून तुटलाय, यात शंका नाही. मोबाईलवर मीटरचा फोटो काढून ठेवला.

तिथून एमिशन सेंटर. गाडी तापवून नेली होती, तिथं वीस मिनिटं रांगेत उभी होती. नळी घातली. आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.८२ टक्के. मर्यादा ०.३. हायड्रोकार्बन २६० पीपीएम, मर्यादा २००. तिथला मुलगा म्हणाला, सेन्सर बदलून या, आज काही देत नाही. मी म्हटलं, नापास झाल्याची पावती द्या. त्याला आश्चर्य वाटलं, म्हणाला आजपर्यंत कुणी मागितली नाही. पण त्यानं दिली, नीट प्रिंट काढून. त्याचे आभार.

सोमवारी सर्व्हिस सेंटरला जातोय. काय बोलू?

---

चिकोडी_वकील, शनिवार रात्री ११.१०

बोलू नका, लिहून द्या. एका पानाचा अर्ज. गाडी घेतल्याची तारीख, किमी, कोड, पुस्तिकेतलं पान क्रमांक, नापास पावतीवरचे आकडे. सोबत दोन्ही पीयूसी, सर्व्हिस नोंदी आणि पावतीची झेरॉक्स. मूळ कागद हातातून सोडू नका. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. नकार देणार असतील तर कारणासह लेखी द्या, एवढं एक वाक्य शेवटी.

जॉबकार्डवर तुमची तक्रार 'एमिशन वॉरंटीखाली सेन्सर बदलणे' अशीच लिहून घ्या. जॉबकार्ड कन्नडमध्ये छापलेलं असलं आणि वाचता येत नसलं तर वाचून दाखवा म्हणा, मगच सही करा.

नकार आलाच तर आधी कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणं ग्राहक जिथं राहतो तिथं तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय कुठंही असो. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

---

तवंदीघाट, रविवार सकाळी ८.००

वेंगुर्लारोड, सोमवारी माझी सुट्टी आहे. हवं तर सोबत येतो, निपाणीहून तास-सव्वातास. दोघं असलं की माणसाला बरं वाटतं.

---

वेंगुर्लारोड, पुढच्या आठवड्यातला गुरुवार, रात्री ९.०५

मंडळी, सेन्सर बदलून मिळाला. पैसे शून्य.

सोमवारी तवंदीघाट खरंच निपाणीहून आले. मी नको म्हणत होतो, तरी. काउंटरवर तोच माणूस होता. अर्ज वाचला, नापास पावती हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि आत वर्क्स मॅनेजरकडं गेला. मॅनेजर बाहेर आले. त्यांनी आवाज चढवला नाही, मीही नाही. म्हणाले, असा दावा फार कमी येतो, विभागीय कार्यालयाला पाठवून मंजुरी घ्यावी लागेल, गाडी दोन दिवस ठेवा. कागलच्या पीयूसीवर त्यांनी एकदा बोट ठेवलं. मी एकच नमुना देशभर असल्याचं सांगितलं, त्यांनी संगणकावर गाडीचा नंबर टाकला, नोंद समोर आली, विषय संपला.

बुधवारी फोन आला, मंजूर. आज गाडी मिळाली. जुना सेन्सर कंपनीला परत जाणार म्हणून दिला नाही, पण बघायला दिला. मजुरीही लावली नाही. बिलावर एमिशन वॉरंटी असं छापलंय. चाचणीचे पैसे माझेच, ते पुस्तिकेत तसंच लिहिलंय, तक्रार नाही.

परतताना त्याच एमिशन सेंटरला गेलो. कार्बन मोनॉक्साइड ०.०४. वाढवलेल्या आरपीएमवर लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) १.००, असायला हवा ०.९७ ते १.०३. तो मुलगाच म्हणाला, "आता बघा की." सकाळचा वासही गेलाय. आई मागं बसली होती, तिनं पहिलं तेच ओळखलं.

उद्यमबाग दादा, वकीलसाहेब, तवंदीघाट, बाई, तुमच्यामुळं झालं.

---

जांबोटीच्या_बाई, गुरुवार रात्री ९.५०

वाचून फार बरं वाटलं. माझ्या गाडीचा जुना सेन्सर, पहिला काढलेला, अजून डिकीत पडलाय. वायर तुटलेली होती म्हणजे तो चांगलाच असेल ना? कुठं तपासून मिळेल?

---

उद्यमबाग_इलेक्ट्रिशियन, गुरुवार रात्री १०.०५

घेऊन या की बाई. मीटरला ओहम आला तर गॅसच्या ज्योतीवर टोक धरून व्होल्ट बघू, लाल झालं की ०.९ च्या आसपास यायला पाहिजे. चांगला निघाला तर पिशवीत घालून, टोकाला टोपी लावून ठेवा. येताना भाताच्या कोठीजवळ गाडी लावायची जागा बदलली का तेवढं सांगा.

---

जांबोटीच्या_बाई, गुरुवार रात्री १०.२०

बदलली. आता अंगणात तुळशीच्या बाजूला लावते. शनिवारी शाळा सुटल्यावर येते.